कॅसेट उलटेपर्यंत

आमच्या घरात दोन रात्रींचा वाद अजून मिटलेला नाही. एक रात्र १९९३च्या मे महिन्यातली, दुसरी २००२च्या मे महिन्यातली. दोन्ही वेळा घरात लग्न झालं होतं, दोन्ही वेळा देवीचा गोंधळ घातला होता आणि गोंधळीही एकाच घरचे होते. पहिल्या वेळी नाईक (मुख्य गोंधळी) म्हणून बाप उभा होता, दुसऱ्या वेळी मुलगा. थोरले आबा म्हणतात, गोंधळ त्र्याण्णवचाच. माझी चुलतबहीण, आमची ताई, म्हणते की मुलगा बापाच्या पुढे गेला. दिवाळीला सगळे जमले की फराळाच्या ताटावर हा विषय हमखास निघतो आणि निघाला की दोन्हीकडचे साक्षीदार सरसावून बसतात.

आमचं गाव आज धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात आहे, तेव्हा हा भाग उमरग्यात होता. त्या वेळची घरं माळवदाची. जाड दगडी भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर मातीचं धाबं आणि मधोमध चौक. चौकात चौरंगावर नवं खणाचं कापड, त्यावर तांदळाचा चौक आणि कलश, भोवती ज्वारीची पाच ताटं उभी करून केलेलं मखर. पुढे पेटलेली दिवटी, तेलाची बुधली, आणि समोर चौघं जण: नाईक, संबळवाला, तुणतुणेवाला आणि झील धरणारा साथीदार. आमच्याकडचे गोंधळी कदमराई, म्हणजे तुळजापूरच्या भवानीचे, गळ्यात कवड्यांची माळ घालणारे. माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. घरात चार काकडे लावून उरकतात तो काकड्या गोंधळ, आणि रात्र रात्र चालतो तो संबळ्या. आमच्या घरचे दोन्ही संबळ्या होते.

गण, मग देवतांना आवाहन, मग स्तवन, मग आख्यान, शेवटी पहाटे आरती. हा क्रम ठरलेला. रा. चिं. ढेरे यांच्या ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’ या पुस्तकात गोंधळ्यांवर सविस्तर लिहिलेलं आहे आणि विधी समजून घ्यायचा तर ते वाचलंच पाहिजे. पण कोणत्या रात्री रंग भरला आणि कोणत्या रात्री उतरला, हे कुठल्याही पुस्तकात मिळत नाही. ते फक्त ऐकणाऱ्याकडे असतं. गोंधळाला ठरलेली संहिता नाही. नाईक समोरच्या माणसांकडे बघून आख्यान लांबवतो, आखडतो, मधेच साथीदाराकडून प्रश्न काढून घेतो, एखाद्या आजोबांची फिरकी घेतो. तेच आख्यान तोच माणूस शेजारच्या गावात दुसऱ्या दिवशी उभं करतो तेव्हा ते वेगळं असतं. म्हणून आमच्याकडे कुणी ‘गोंधळ ऐकला’ एवढंच सांगून थांबत नाही. कुणाच्या घरचा, कोणत्या साली, नाईक कोण, आख्यान कोणतं, हे पुढे येतंच.

हे लोक तोलतात काय? मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पहिली परीक्षा आवाहनात होते. नाईक एकेका देवतेला तिच्या गावाच्या नावाने बोलावतो. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, येरमाळा. लग्नाला दहा गावांचे पाहुणे आलेले असतात, आणि प्रत्येक जण आपल्या कुळाचं, आपल्या शिवेवरचं दैवत येतं का याकडे कान लावून असतो. एखादं नाव राहिलं तर ती गोष्ट दहा वर्षं लक्षात राहते. “सगळं बेस झालं, पर आमच्या येडाईला बलावलंच नाय,” हे येरमाळ्याच्या देवीबद्दलचं वाक्य मी एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडून ऐकलं आहे, आणि तिच्या लेखी त्या गोंधळाचा निकाल तिथेच लागला होता.

दुसरी परीक्षा संबळाची. कमरेला बांधलेली ही जोडी, एक बारीक आवाजाची, एक भरीव. एक काठी सरळ, दुसरी टोकाला वाकलेली. जाणकार माणूस डोळे मिटून ऐकतो आणि वाजवणाऱ्याचा हात सांगतो. हवा दमट असेल तर कातडं सैल पडतं आणि संबळ ‘बसतो’. अशा वेळी जो संबळवाला नुसता जोर लावतो तो कच्चा, आणि जो चाल बदलून वेळ मारून नेतो तो पक्का. साथीवाचून नाईक पांगळा, असं आबा म्हणतात. त्र्याण्णवच्या बाजूने त्यांचा पहिला पुरावा हाच आहे की त्या रात्री संबळ बोलत होता.

हा पुरावा तपासता येतो, कारण ती रात्र कॅसेटवर आहे. धाकट्या चुलत्यांकडे, म्हणजे नानांकडे, टू-इन-वन टेपरेकॉर्डर होता. त्यांनी नव्वद मिनिटांच्या तीन कॅसेट आणि बॅटरीचे सेल आणून ठेवले होते, कारण विजेचा भरवसा नव्हता. सेल मधेच संपतील म्हणून सगळी रात्र घेता आली नाही. निवडून घेतलं. दोन कॅसेट पुढे कुणी कुणी नेल्या त्या परत आल्या नाहीत. एक राहिली. तिच्यावर निळ्या शाईत नानांच्या अक्षरात ‘गोंधळ, मे ९३, आख्यान’ एवढंच लिहिलेलं आहे.

कॅसेटमध्ये सुरुवातीला माणसांचा गलका आहे, कुणाचं तरी बाळ रडतं आहे (घरचे म्हणतात तो मीच, तेव्हा मी वर्षाचा होतो), आणि मग एक बाई नाईकाला म्हणते, “जांभळाचं लावा.” ती माझी आजी.

जांभूळ आख्यान महाराष्ट्राला माहीत झालं ते शाहीर विठ्ठल उमप यांच्या रंगमंचीय प्रयोगामुळे. त्यांनी द्रौपदी अशी उभी केली की शहरातल्या नाट्यगृहात बसलेल्यांनाही चौकातली दिवटी दिसावी. पण गोंधळ्यांच्या मुखात ही कथा आधीपासून आहे. आमच्याकडे सांगतात त्या रूपात ती अशी: वनात भीमाने जांभूळ तोडलं. ते एका ऋषीचं. तोडलेलं फळ पुन्हा देठाला लागायला हवं, आणि त्यासाठी प्रत्येकाने आपल्या मनातलं लपवलेलं खरं सांगायचं. पाच पांडव सांगतात, फळ वर सरकत जातं. उरते द्रौपदी. तिच्या मनात कर्ण आहे. हे तिने पाच नवऱ्यांसमोर आणि कृष्णासमोर उच्चारायचं.

आणि इथेच नानांच्या कॅसेटची पहिली बाजू संपते.

खटका वाजतो. दुसरी बाजू सुरू होते तेव्हा संबळ पुन्हा जोरात आहे, लोक हसत आहेत, जांभूळ देठाला लागलेलं आहे. कॅसेट काढून, उलटून, पुन्हा दाबेपर्यंतचं जे गेलं ते गेलं. आख्यानाचा जीव ज्या ठिकाणी होता नेमकी तीच जागा रिकामी आहे.

त्या रिकाम्या जागेत काय झालं, यावर आमच्या घरात तीन साक्षी आहेत. आबा म्हणतात, नाईकाने संबळवाल्याला हाताने थांबवलं आणि कर्णाचं नाव आवाज न काढता, नुसत्या ओठांनी घेतलं. माळवदाच्या चौकात दिवटीची फरफर तेवढी ऐकू येत होती. काकू म्हणते, नाव घेतलंच नाही. नाईक बायकांच्या बाजूला वळून नुसता उभा राहिला, आणि नाव बायकांच्या घोळक्यातून आलं, कुणीतरी न राहवून म्हणून टाकलं. नाना म्हणतात, मला काही विचारू नका, मी कॅसेट उलटत होतो. हे ते हसून सांगत नाहीत. आजवर त्यांना त्याची चुटपुट आहे.

१९९३च्या ३० सप्टेंबरला, पहाटे चार वाजायच्या सुमारास भूकंप झाला. केंद्र किल्लारी, पण सास्तूरकडची आमची गावंही त्यात गेली. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालं होतं, लोक दमून झोपले होते. ज्या जाड भिंतींमुळे चौकात संबळ घुमायचा त्याच भिंती आणि धाबी माणसांवर आली. मे महिन्यातल्या त्या रात्री चौकात बसलेल्यांपैकी बरेच जण चार महिन्यांनी राहिले नाहीत. आजी त्यांत होती. कॅसेट वाचली ती नानांनी सोलापूरला मेहुण्याला ऐकायला दिली होती म्हणून.

दुसरी रात्र पुनर्वसित गावातली. नवं गाव आखीव, रस्ते रुंद, घरं सुटी सुटी, सिमेंटची. चौक असा नाहीच. मांडव रस्त्यावर घातला होता. उघड्यावर संबळाचा आवाज धरून ठेवायला भिंत नाही, तो निघून जातो. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. ताईचं म्हणणं मला पटतं ते इथे: मुलाने जागा ओळखली. बापासारखं एका ठिकाणी उभं राहून आख्यान सांगितलं नाही. रांगांमधून फिरत राहिला, वाक्यं आखूड केली, आणि द्रौपदीची वेळ आली तेव्हा आपण गप्प राहून संबळाला एकट्याला बोलू दिलं. नाव कुणीच घेतलं नाही, ना त्याने ना आमच्यातल्या कुणी. संबळ मंदावत मंदावत थांबला आणि सगळ्यांना कळलं. त्या रात्री कॅसेट लावलेली नव्हती. टू-इन-वन भूकंपात गेला होता आणि नवा घ्यावा असं नानांना वाटलं नाही.

म्हणजे एका रात्रीची कॅसेट आहे पण तिच्यात नेमकं ते नाही. दुसऱ्या रात्रीची काहीच नाही, आम्ही आहोत.

२०११च्या सुमाराला मी पुण्यात शिकत होतो. आदल्या वर्षी कोरेगाव पार्कात एनएच सेव्हन वीकेंडर हा महोत्सव सुरू झाला होता आणि वसतिगृहातली मुलं बँडची नावं घेऊन भांडायची. त्यांच्यासोबत मी ‘इंडियन ओशन’ ऐकला. १९९०मध्ये दिल्लीत सुरू झालेला हा बँड, फिल्मसंगीतावर अवलंबून न राहता स्वतःच्या पायावर उभा राहिलेला. त्यात असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे. २००९च्या डिसेंबरात ते गेले. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टपरीवर जे बोलणं सुरू झालं ते ऐकून मी चकित झालो. एक जण म्हणत होता, असीम असताना ‘कंदिसा’ हे गाणं ऐकलं आहे, आता ऐकवत नाही. दुसरा म्हणत होता, नव्या लोकांनी त्यांची नक्कल केली नाही हेच मोठं, आणि आजचा ठेका आधीपेक्षा मोकळा होता. पहिला तावातावाने म्हणाला, तू तेव्हा नव्हतास. दुसरा म्हणाला, तू आज ऐकलंच नाहीस, आठवत बसला होतास.

आबा आणि ताई, शब्दशः. गिटार आणि संबळ यांत जेवढं अंतर आहे तेवढं ऐकणाऱ्यांत नाही, हे मला त्या टपरीवर कळलं.

जगात एका रॉक बँडच्या चाहत्यांनी एका रात्रीची दुसरीशी तुलना करण्याचं काम फार चिकाटीने केलं आहे. कॅलिफोर्नियातला ‘ग्रेटफुल डेड’, १९६५ ते १९९५. त्यांनी २३००हून अधिक कार्यक्रम केले आणि एकही दुसऱ्यासारखा केला नाही. ‘डार्क स्टार’ हे त्यांचं गाणं तबकडीवर तीन मिनिटांहून कमी आहे, मंचावर ते अर्धा तास चालायचं. चाहते टेपरेकॉर्डर घेऊन यायचे. बँडने त्यांना हुसकावलं तर नाहीच, उलट १९८४पासून त्यांच्यासाठी वेगळी जागा राखली. कॅसेट हातोहात फिरल्या, कोणत्या रात्री काय वाजवलं याच्या याद्यांची पुस्तकं निघाली. ८ मे १९७७ला कॉर्नेल विद्यापीठात झालेला कार्यक्रम सर्वांत चांगला की नाही, यावर चाहते आजही भांडतात. तेच ध्वनिमुद्रण पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत घेतलं. चाहत्यांनी तुलना केली नसती तर हजारोंतली ती एक रात्र कुणी निवडली असती?

आपल्याकडेही असा ऐकणारा पूर्वी होता. ‘नृत्तरत्नावली’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथात जायसेनापती एक हकीकत देतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने भूतमातेच्या उत्सवात भिल्लिणीच्या वेशात नाचणारी एक स्त्री पाहिली आणि त्या नाचाला ‘गोंडली’ असं नाव दिलं. काही अभ्यासक आपला गोंधळ त्या गोंडलीशी जोडतात. ते कल्याण म्हणजे आजचं बसवकल्याण, उमरग्याहून फार लांब नाही. मला त्या हकिकतीत राजापेक्षा प्रेक्षक दिसतो. त्याने पाहिलं, त्याला ते वेगळं वाटलं, त्याने ते नोंदवण्याजोगं मानलं. कुणाला आवडलं आणि त्याने सांगितलं, म्हणून आठशे वर्षांनी आपल्याला कळतं.

आता गोंधळाची सुपारी दोन तासांची झाली आहे. घाई हे एक कारण, मंगल कार्यालय रात्री रिकामं करून द्यायचं असतं हे दुसरं. तिसरं कारण ध्वनिप्रदूषणाचे नियम. २०००च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. मुंबईत १९८६मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’च्या चाहत्यांना विचारा, रुग्णालयं आणि कॉलेजं शेजारी असल्यामुळे शांतता क्षेत्रात आलेलं रंगभवन त्यांच्या हातून याच नियमांनी गेलं. नियम चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. आजारी माणसाला झोप लागलीच पाहिजे. पण चौकातल्या गोंधळाला ध्वनिक्षेपक लागतच नव्हता. तो आपण लावला, त्यावर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड चढवला, आणि मग दहाला बंद करावा लागला. माझं मत स्पष्ट आहे: पन्नास माणसांच्या अंगणात भोंगा काढून टाका.

तुळजापुरात दुकानांतून देवीच्या गाण्यांच्या कॅसेट टांगलेल्या असायच्या, मग सीडी आल्या, मग दुकानदार मोबाइलच्या कार्डात गाणी भरून देऊ लागले. त्यांतली कितीतरी गाणी चांगली आहेत. ‘जोगवा’ चित्रपटातून संबळाचा नाद तर देशभर पोचला आणि अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, याचा मला अभिमान वाटतो. पण ती पाच-सहा मिनिटांची, स्टुडिओतली गाणी आहेत. त्यांत येरमाळ्याचं नाव राहिलं म्हणून रुसणारी म्हातारी नाही, “जांभळाचं लावा” म्हणणारी आजी नाही. कोजागिरीच्या आधी सोलापूरहून तुळजापूरला पायी येणाऱ्यांच्या रस्त्यावर उभे राहा. लाखोंची रीघ असते, हलगी, झांजा, आराध्यांची गाणी, जवळपास प्रत्येकाच्या हातात मोबाइल. चित्रण होतं ते अर्ध्या मिनिटाचं, आणि त्याला तारीख, गाव, गाणाऱ्याचं नाव काही नसतं.

गेल्या वर्षी नानांची कॅसेट मी पुण्याला नेऊन संगणकावर उतरवून घेतली. हेडफोन लावून तीन-चार वेळा ऐकली. संबळाबद्दल आबा खरं बोलतात. भरीव बाजूवर तो जी मींड काढतो आणि मधेच बारीक बाजूवर जे दाणे टाकतो, तसं मी नंतर ऐकलेलं नाही. मुलाच्या साथीदाराकडे तो हात नव्हता. आख्यानाचं मात्र मी सांगू शकत नाही. माझ्या मनाचा कौल ताईकडे जातो, पण मी त्र्याण्णवला ऐकण्याच्या वयाचा नव्हतो आणि ज्या दोन मिनिटांवर निकाल अवलंबून आहे ती कॅसेटमध्ये नाहीत. ती आबांजवळ आणि काकूजवळ आहेत, दोघांजवळ वेगवेगळी. आबांना माळवदाचा चौक हवा आहे, आपली आई, म्हणजे माझी आजी, हवी आहे, असं ताई कधीकधी म्हणते. ते खरं आहे. पण म्हणून त्यांचं ऐकणं खोटं ठरत नाही. ज्याच्या शेजारी बसून आपण ऐकलं तोही त्या रात्रीचाच भाग असतो.

म्हणून या दिवाळीत मी आबांना आणि काकूला वेगवेगळं बसवून त्या दोन मिनिटांचं सगळं विचारलं आणि मोबाइलवर मुद्रित केलं. कुणाचा हात वर होता, दिवटी कोणत्या बाजूला होती, कोण हसलं, कोण उठून गेलं. आबा अठ्ठावीस मिनिटं बोलले, काकू एकोणीस.

वाचकांना माझी विनंती आहे. धाराशिव, लातूर, सोलापूर, बीड, परभणी, कुठेही तुमच्या घरी गोंधळाची, भजनाची, भारुडाची, तमाशाची जुनी कॅसेट पेटीत पडली असेल तर ती काढा. लगेच वाजवू नका. बुरशी असेल तर फीत तुटू शकते. जाणकाराकडून संगणकावर उतरवून घ्या. घरी पुढचा गोंधळ घालाल तेव्हा गोंधळ्यांची परवानगी घेऊन, त्यांना त्याचा वेगळा मोबदला देऊन, सगळी रात्र मुद्रित करा. तारीख, गाव, नाईकाचं आणि साथीदारांचं नाव, आख्यान, सगळं सोबत लिहून ठेवा. आणि सकाळी चहाला बसलेली माणसं जेव्हा म्हणू लागतील की रंग भरला किंवा नाही भरला, तेव्हा मुद्रण बंद करू नका.